एका इंग्रजी क्रियापदाची मराठी बिऱ्हाडे



आज ज्या शब्दाविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत, तो आपल्या कानावर रोज पडतो. इंग्रजीतील ‘स्टॅक’ हे ते क्रियापद. आमच्या वाळूजला १९८० नंतरच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि जोंधळ्याच्या रानात गुदामांची पत्र्याची छपरे दिसू लागली. तेव्हापासून शाळेचे तोंड न पाहिलेला मनुष्यही ‘खोकी स्टॅक करून ठेव’ असे सहज म्हणतो. मजसारख्या जुन्या शिक्षकाला याचे वाईट वाटावे, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु या शब्दाकडे मला नीट पाहावयास लावणारा प्रसंग माझ्याच शुद्ध मराठीने ओढवला होता. म्हणून तो आधी सांगून टाकतो.

सेवानिवृत्तीनंतर एका गुदामाच्या व्यवस्थापकांनी मजकडे इंग्रजी सूचनांचा एक कागद पाठविला व त्यांचे मराठी करून मागितले. सहाच्या वर ‘स्टॅक’ करू नये, अशा अर्थाची एक सूचना त्यात होती. मी कोश उघडला, ‘ढीग’ व ‘रास’ हे शब्द पाहिले, आणि त्यातल्या त्यात भारदस्त तो निवडून लिहून दिले : ‘सहापेक्षा अधिक राशी रचू नयेत.’ व्याकरणात खोट काढावयास जागा नव्हती. फलक भिंतीवर लागला. हमालांनी तो वाचला आणि तंतोतंत पाळला. त्यांनी राशी सहाच केल्या. मात्र एकेक रास दहा-दहा पोती उंच नेली. पोती प्लास्टिकच्या दाण्यांची, प्रत्येकी २५ किलोंची. तिसऱ्या दिवशी त्यांतली एक रास कलली आणि वरचे पोते एका तरुणाच्या पायावर आले. पाऊल मोडले. तो तरुण माझाच विद्यार्थी. ‘ढीग म्हणजे रास’ हे समानार्थी शब्द चौथीच्या वर्गात त्याजकडून मीच घोकून घेतले होते.

त्या रात्री झोप आली नाही. उठून पुन्हा कोश काढला. कोशाला दोष देण्यात अर्थ नव्हता. तो बिचारा शब्द पुढे ठेवतो, निवड आपली. इंग्रजीत या कुळातले तीन शब्द आहेत. ‘हीप’ म्हणजे कसाही पडलेला ढिगारा. ‘पाइल’ हा लॅटिनमधील खांबाच्या शब्दापासून निघालेला, म्हणून त्यात थोडी उंची आहे. आणि ‘स्टॅक’? तो उत्तरेकडील नॉर्स भाषेतून आला, व त्याचा मूळचा अर्थ गवताची गंजी! ज्या शब्दासाठी मी कोश धुंडाळला, त्याचा अर्थ माझ्या घरामागच्या वाड्यात उभा होता.

गंजी ज्याने रचली आहे त्यालाच ठाऊक की ते ढीग घालण्याचे काम नव्हे. कडब्याच्या पेंढ्या बुडखे बाहेर व शेंडे आत अशा लावीत जावे लागते, कोपरे सांभाळावे लागतात, आणि माथा उतरता ठेवावा लागतो. नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत मुरून कडबा काळा पडतो. पेंढ्या मोजावयाच्या त्या पाचाच्या हिशेबाने; पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. कोठे हिला गंजी म्हणतात, कोठे वळई, तर कोकणात भाताच्या पेंढ्यांची उडवी. आता जोंधळ्याची जागा पुष्कळ ठिकाणी सोयाबीनने घेतली, तरी ताडपत्रीखाली झाकलेल्या पिकाला आमचा शेतकरी गंजीच म्हणतो.

याउलट रास. खळ्यावर वारा देऊन झाला म्हणजे धान्याची रास पडते. ती वरून ओतावी आणि तिने आपल्या मनाने पसरावे. राशीला थर नसतात, म्हणून राशीची उंची कोणी मोजीत नाही; राशी किती पडल्या एवढेच मोजतात. माझ्या फलकाची सारी चूक या एका वाक्यात आहे. ‘सहा राशी’ म्हटले की मराठी मनुष्याची नजर जमिनीवर आडवी फिरते. गोविंदा ‘आठ थर’ म्हणतात तेव्हा तीच नजर वर जाते.

स्वयंपाकघरात तर या क्रियापदाने निरनिराळी बिऱ्हाडे थाटली आहेत. भाकरीची चवड असते, नाण्यांची चळत असते. मडक्यांची उतरंड; तीत मोठे तळाशी, धाकटे माथ्यावर. खालच्या मडक्यातले पसाभर डाळ काढावयाची तर वरची सारी उतरावी लागतात. माझा नातू सांगतो की संगणकशास्त्रातही ‘स्टॅक’ नावाची एक मांडणी आहे आणि तीतही शेवटी ठेवलेले प्रथम काढावे लागते. त्याच्या आजीने हसून विचारले, मग यात नवे काय शिकलास? जातिव्यवस्थेला उतरंड म्हणण्याचा प्रघात आहे, तोही याच मडक्यांवरून. कोणाच्या डोक्यावर किती भार, हे त्या शब्दात न सांगता कळते.

फारसीतून आलेला ‘अंबार’ हा आणखी एक. पन्हाळगडावरील धान्याच्या प्रचंड कोठारांना अंबारखाना म्हणतात. १९४८ पर्यंत निजामी अमलात उर्दू शाळेत शिकलेले माझे वडील धान्याचा ढीग पाहून ‘अंबार लागला’ असे म्हणत. आता तो शब्द आमच्या घरातही उरला नाही.

जेथे वस्तू डोळ्यांना दिसत नाही, तेथे मराठी आणखी वेगळी वाट धरते. इंग्रजीत काम, कर्ज, चिंता साऱ्यांची ‘पाइल’ होते. आपल्याकडे काम साचते, जणू ते डबक्यातले पाणी आहे; व्याज चढते; कर्जाचा डोंगर होतो; पापाचा तर घडा भरतो. ‘रचणे’ हा शब्द कवितेला चालतो, कटाला चालतो आणि सरणालाही चालतो. तिन्हींत हात जपूनच चालवावा लागतो. आणि ‘ढीग’ किती हलका पडावा? ‘तू ढीग म्हणशील, पण ऐकतो कोण?’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात वजन असे काही उरलेलेच नसते.

असो. त्या तरुणाच्या घरी मी भेटावयास गेलो, तेव्हा त्याचा पाय प्लॅस्टरमध्ये उशीवर ठेवलेला होता. त्याची आई काही बोलली नाही. तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि ती आत गेली. चूक माझी, असे मी त्याला सरळ सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, थप्पी म्हणायचं होतं. आमच्यात कुणीबी समजलं असतं.”

थप्पी! मोंढ्यातील प्रत्येक हमालाच्या तोंडी असलेला शब्द. पोत्यावर पोते नेमके बसवून लावतात ती थप्पी. मी तो हजार वेळा ऐकला होता. परंतु लिहावयाच्या मराठीत त्याला जागा असेल, असे माझ्या मनात कधी आले नाही.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांकडे जाऊन फलक उतरविला. नवा मजकूर मी लिहिला, पण गुदामातील चौघा हमालांना तो आधी वाचून दाखविला आणि ‘याचा अर्थ काय, ते करून दाखवा’ असे म्हटले. त्यांनी सहा पोती एकावर एक लावली व सातवे बाजूला जमिनीवर टेकविले. तेव्हा तो रंगवावयास दिला : ‘थप्पी सहा पोत्यांची. सातवे पोते खाली.’