न्गेगे : सरोवराचा हरवलेला मासा



पूर्व आफ्रिकेंत केनिया, युगांडा आणि टांझानिया या तीन देशांमध्यें व्हिक्टोरिया सरोवर पसरलेलें आहे. गोड्या पाण्याचा एवढा मोठा विस्तार त्या खंडांत दुसरा नाहीं. कांठच्या लोकांचा आवडता मासा म्हणजे न्गेगे. १९२८ सालीं त्याला जें शास्त्रीय नांव मिळालें, त्यांतील ‘एस्क्युलेंटा’ या लॅटिन पदाचा अर्थच मुळीं ‘खाण्यास योग्य’ असा आहे.

पाण्यांत तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर हा मासा जगतो. त्याची अपत्यसंगोपनाची रीत मोठी विलक्षण आहे. नर तळाशीं खळगा करतो; मादी तेथें अंडीं घालते आणि लगेच तीं तोंडांत घेते. पिलें पोहूं लागल्यावरही धोका दिसतांच आईच्या मुखांत आश्रय घेतात. ही माता थोडक्या पिलांना पुष्कळ जपते. म्हणूनच विण्यापूर्वींच ती जाळ्यांत सांपडली, तर झालेली हानि सहज भरून येत नाहीं.

पूर्वीं लोक टोपल्यांचे सांपळे आणि पपायरस या लव्हाळ्याचीं ओढजाळीं वापरीत. १९०५ सालीं परदेशी सुताचीं जाळीं आलीं. प्रथम मासे उदंड मिळाले. मग ते कमी होऊं लागले. १९२७-२८ मध्यें मायकेल ग्रॅहॅम यांनीं सरोवराची पाहणी केली आणि जाळ्याची आस, म्हणजे त्याच्या घरांचें माप, पांच इंचांहून लहान असूं नये, असें सुचविलें. तसा नियम झाला. परंतु १९६० च्या सुमारास तो उठविण्यांत आला आणि बारीक जाळ्यांना मोकळें रान मिळालें. त्याच सुमारास नाईल पर्च हा मांसाहारी मासा आणि न्गेगेचाच भाऊबंद नाईल तिलापिया हे सरोवरांत सोडण्यांत आले. पर्चनें निर्यातीचा मोठा धंदा उभा केला, हें खरें. परंतु एकाच्या भक्ष्यस्थानीं पडून आणि दुसऱ्यास जागा देऊन न्गेगे मुख्य सरोवरांतून जवळजवळ नाहींसा झाला.

तो उरला आहे कन्याबोलीसारख्या लहान सरोवरांत. केनियांतील हें सरोवर आणि व्हिक्टोरिया यांच्यामध्यें पपायरसची दाट दलदल आहे. तेथील पाण्यांत प्राणवायु थोडा. तो पर्चला पुरत नाहीं. जी दलदल न्गेगेचा तट झाली, तीच निरुपयोगी समजून शेतीसाठीं कोरडी करण्याचे उद्योग मात्र झालेले आहेत.

जाळ्याचें माप कायद्यानें पुन्हां वाढवितां येईल. परंतु ज्या माशासाठीं तें वाढवावयाचें, त्याचें बीज कोठें तरी शिल्लक असलें पाहिजे. तें आज त्या चिखलाआड सुरक्षित आहे. आणि म्हणूनच त्या चिखलाचें मोल धान्याच्या मापानें ठरवूं नये.