बंद मशीनचा गुण



फिजिओथेरपीची पदवी घेऊन तुमच्यापैकी बरेच जण याच पट्ट्यात काम करणार आहात. तुळजापूर, नळदुर्ग, अणदूर, लोहारा. तिथे तुमच्याकडे कोण येणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. हंगामभर ऊस तोडून आणि मोळ्या वाहून कंबर आणि गुडघे धरलेली बाई येईल. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरच्या भवानीआईच्या दर्शनाला अनवाणी चालत आलेला, गुडघा सुजलेला भाविक येईल. तुम्ही व्यायाम शिकवायला लागलात की ती बाई म्हणेल, "मशीन लावा की डॉक्टर, पाय तर मी घरी बी हलवते."

अशा वेळी अल्ट्रासाऊंडचं मशीन लावणं फार सोपं असतं. रुग्ण खूश, दवाखान्याचा मालक खूश, आणि चार दिवसांनी बरं वाटलं की गुण मशीनच्या नावावर जमा.

पण तो गुण खरंच मशीनचा असतो का? 1986 साली इंग्लंडमध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांच्या गालावर अल्ट्रासाऊंडचं मुंडकं फिरवलं गेलं, पण काही जणांच्या वेळी मशीन बंदच ठेवलं होतं. रुग्णांना ते ठाऊक नव्हतं. सूज त्यांचीही उतरली. पुढे 2001 मध्ये रॉबर्टसन आणि बेकर यांनी अल्ट्रासाऊंडच्या 35 चाचण्या तपासल्या. त्यांना फक्त 10 चाचण्यांची पद्धत समाधानकारक वाटली, आणि त्यांतल्या 8 चाचण्यांत हा उपचार नकली उपचारापेक्षा सरस ठरला नाही. आपल्या दवाखान्यांत मात्र जेलच्या बाटल्या अजूनही रोज संपतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तरीही प्लासिबोला, म्हणजे नकली उपचाराने वाटणाऱ्या आरामाला, कुणी मनाचे खेळ म्हणून उडवून लावू नका. 1978 मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाखवलं की अफूजन्य वेदनाशामकांचा परिणाम रोखणारं नॅलोक्सोन हे औषध दिलं की प्लासिबोने कमी झालेली दुखणी पुन्हा डोकं वर काढतात. म्हणजे शरीर स्वतःचंच वेदनाशामक सोडत असतं. म्हणजे मशीन लावल्यावर त्या मावशीला वाटलेला आराम खरा आहे. पण त्याला मर्यादा आहे. 2001 मध्येच 114 चाचण्यांचा आढावा निघाला. प्लासिबोने वेदनेत थोडा फरक पडतो, पण मोजपट्टीवर दिसणाऱ्या गोष्टींत लक्षणीय फरक पडत नाही, असं त्यात आढळलं. मांडीचा स्नायू विश्वासाने भरत नाही, त्याला काम द्यावं लागतं. शिवाय माणूस दवाखान्याची पायरी चढतो तो दुखणं अगदी शिगेला पोचल्यावर. त्यानंतर ते बऱ्याचदा आपोआपच उतरतं.

"मग बिघडलं काय? बरं तर वाटतंय," असं मला तरुण सहकारी विचारतात. बिघडतं ते असं. दहा बैठका म्हणजे दहा दिवसांचा बुडालेला रोजगार, एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं आणि आमची फी. त्याहून मोठं नुकसान म्हणजे, माझा गुडघा मशीनशिवाय चालत नाही, हे तिच्या मनात आपण पक्कं करून ठेवतो.

ती भवानीआईच्या पायऱ्या उतरून नवस बोलते, तेव्हा तिच्याकडे पुरावा मागणं माझं काम नाही. ती तिची आणि देवीची गोष्ट आहे. आपल्या टेबलावर मात्र ती शास्त्राच्या नावाने पैसे मोजते. इथे पुराव्याचं ओझं आपल्यावर आहे.

तेव्हा तिच्याशी खरं बोला. "मावशी, मशीनने फार फरक पडत नाही. खुर्चीवरून उठ-बस केल्याने पडतो, पण त्याला काही आठवडे लागतील. तोवर मी आहे." गुडघ्याच्या झिजेत व्यायामाने वेदना कमी होतात, हे 50 हून अधिक चाचण्यांच्या आढाव्यात दिसलं आहे. फायदा मध्यम आहे, तो मध्यमच सांगा. तुमचा हात, तुमचा वेळ, तिचं पूर्ण ऐकून घेणं, यांचाही गुण येतो. तो हक्काने द्या. त्यासाठी खोटं बोलावं लागत नाही.

आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. 30 सेकंदांत ती खुर्चीवरून किती वेळा उठली, ते पहिल्या भेटीत लिहा आणि महिन्याने पुन्हा मोजा. जे यायचे बंद झाले, त्यांना आपण मनातल्या मनात बरे झालेल्यांत धरतो. त्यांना फोन लावा. "दुखणं तसंच आहे, म्हणून दुसरीकडे गेलो," असं कुणी सांगितलं, तर तेही त्याच वहीत, त्याच शाईने उतरवा.