पहिली सहा वर्षे आणि एक पदवी



ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा गरीब वस्त्यांतली मुले बालवाडीकडे फिरकेनात. दोघींनी बालवाडीच वस्तीत नेली. अंगण झाडायचे, मुलांना आंघोळ घालायची आणि तिथेच गाणी-गोष्टी सुरू करायच्या. समावेशक शिक्षणाचा पाया हाच आहे. न येणाऱ्या मुलाला दोष द्यायचा नाही. शाळेने आपली जागा, वेळ आणि रीत बदलायची.

आज त्या अंगणात ऐकू न येणारे, सेरेब्रल पाल्सी किंवा ऑटिझम असलेले मूलही बसले पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे ७ प्रकार होते ते २१ केले, हे फार मोठे काम झाले. पण मोफत शिक्षणाचा हक्क त्या कायद्यात ६ ते १८ वयाला आहे आणि शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाला. पहिली सहा वर्षे दोन्हीकडून निसटली. भाषा येते ती मात्र नेमकी याच वर्षांत! बहिरेपण चौथ्या-पाचव्या वर्षी कळले, तर गेलेली वर्षे भरून काढताना त्या लेकराची किती ओढाताण होते, ते आईबापांनाच विचारा.

घरात पुष्कळदा काही लक्षात येत नाही, कारण तुलनेला दुसरे मूल नसते. बालवाडीच्या बाईंसमोर एकाच वयाची वीस मुले असतात. मागून हाक मारली तर हा वळतो का? आवडलेली वस्तू बोट करून दाखवतो का? खोटाखोटा चहा करून पाजतो का? न शिकलेल्या बाई त्याला हट्टी ठरवतील. शिकलेल्या बाई चार आठवडे नोंदी ठेवतील, अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांना त्या दाखवतील आणि निदान त्यांच्यावर सोपवतील. पण निदान झाले तरी दुसऱ्या दिवशी मूल वर्गात असणारच. मग गोष्ट सांगताना खिडकीकडे पाठ करायची नाही, म्हणजे चेहऱ्यावर उजेड राहतो आणि ओठ दिसतात. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावायचा. पाय टेकतील अशी खुर्ची द्यायची, म्हणजे हात मातीकामाला मोकळे होतात. आणि आईशी बोलायचे. सगळ्यांत अवघड तेच. तिला धक्का न देता, पण काही न लपवता बोलणे हेसुद्धा शिकावे लागते.

हे सारे सहा दिवसांच्या शिबिरात येत नाही. त्यासाठी पदवी हवी, असे मी ठामपणे म्हणतो. आपल्याकडे शिक्षकांचे अभ्यासक्रम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे आणि विशेष शिक्षणाचे भारतीय पुनर्वास परिषदेकडे. एका वाटेने गेलेल्याला खेळ कळतो, दुसऱ्या वाटेने गेलेल्याला अपंगत्व. मूल मात्र एकच असते. दोन्ही विषय पहिल्या वर्षापासून एकत्र शिकवणारी आणि दरवर्षी साध्या अंगणवाडीत प्रत्यक्ष काम करायला लावणारी पदवी आपल्याला हवी आहे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत शिक्षकांसाठी चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.चे ध्येय ठेवले आहे. बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकेसाठी मात्र सहा महिन्यांचे प्रमाणपत्र. हे सुरुवात म्हणून चांगले आहे, पण सेविकेची वाट तिथेच संपू नये. ताराबाई पदवीधर होत्या आणि त्यांनी अगदी लहान मुलांचेच काम निवडले. अनुताईंनी काम सांभाळत पन्नाशीच्या सुमारास पदवी घेतली. सेविकेलाही प्रमाणपत्राचे श्रेयांक पुढे धरून, नोकरी न सोडता पदवीपर्यंत जाता आले पाहिजे.

आणि पैशाचे बोललेच पाहिजे. सेविकेला आजही मिळते ते मानधन, वेतन नव्हे. चार वर्षे शिकलेल्या मुलीला आपण मानधनावर ठेवणार असू, तर ती येणार नाही आणि तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नसेल.

या सभागृहात शिक्षणसंस्थांचे विश्वस्त बसले आहेत. माझी त्यांना विनंती आहे: आपल्या महाविद्यालयात हा एकत्र पदवी अभ्यासक्रम सुरू व्हावा म्हणून विद्यापीठाकडे प्रस्ताव पाठवा आणि पहिल्या तुकडीतल्या काही जागा आपल्याच तालुक्यातल्या सेविकांसाठी, शुल्क न घेता, राखून ठेवा.