ख्रिस्ती दृष्टी आणि चित्रपटसमीक्षा



बेगम बाजारातील या शाळेत ज्यांच्या स्मृतीला वंदन करण्यासाठी आपण जमलो आहोत, ते गुरुजी चित्रपट पाहून आलेल्या मुलाला ‘आवडला का?’ असे कधी विचारीत नसत. ‘त्यात माणूस कसा दिसला?’ असे विचारीत. आजच्या विषयाचे बीज मला त्या प्रश्नातच सापडते.

हा विषय मराठी माणसाला परका नाही. १९१० च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे जीवन सरकत असता आपल्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण, गोकुळ व अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकात नमूद केले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. एका धर्माच्या कथेने दुसऱ्या धर्माच्या कलावंताला स्वतःच्या कथेकडे वळविले, ही घटना आपण विसरू नये.

चर्चची भूमिका मात्र प्रारंभी सावध होती. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयी परिपत्रक काढले. कोणते चित्रपट पाहावेत व कोणते टाळावेत, याच्या याद्या देशोदेशी व्हाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९९५ मध्ये, चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनने धर्म, मूल्ये व कला या तीन विभागांत ४५ चित्रपट गौरवाने निवडले. त्यांत ‘गांधी’ होता. मार्क्सवादी पासोलिनीने मत्तयकृत शुभवर्तमानावर काढलेला १९६४ चा चित्रपटही होता. त्या चित्रपटाला त्याच वर्षी व्हेनिस येथे कॅथलिक चित्रपटसंघटनेचा पुरस्कार मिळाला होता. आपल्या बाजारात भांडे घेणारा ते वाजवून पाहतो. केवळ त्यावर कोरलेले नाव वाचून घेत नाही. त्या परीक्षकांनी तेच केले.

याउलट, विषय पवित्र म्हणून कृती उत्तम ठरत नाही. १९७८ च्या ‘करुणामयुडू’ या तेलुगू ख्रिस्तपटापुढे असंख्य प्रेक्षकांनी हात जोडले. ती श्रद्धा वंदनीय आहे. पण समीक्षकाने हात जोडल्यावरही डोळे उघडे ठेवावेत.

२००६ साली ‘द दा विंची कोड’ या चित्रपटावर आंध्र प्रदेश शासनाने बंदी घातली. हैदराबाद तेव्हा त्याच राज्याची राजधानी होती. उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. भावना दुखावल्या हे मी नाकारीत नाही. परंतु बंदी चित्रपटाला उत्तर देत नाही, ती फक्त पडदा झाकते. इतिहास कोठे वाकविला आहे आणि रहस्यकथेच्या सोयीसाठी काय रचले आहे, हे शांतपणे दाखविण्याचे काम समीक्षेचे. ते आपण केले नाही, तर आपली श्रद्धा पोलिसांच्या हवाली होते.

आणखी एक गोष्ट स्वकीयांना सांगावीशी वाटते. हिंदी चित्रपटांनी ख्रिस्ती माणूस पुष्कळदा दारूच्या गुत्त्यात किंवा क्लबातील नाचात दाखविला, ही आपली तक्रार खरी आहे. पण तोच चित्रपट मोलकरणीची, परप्रांतीयाची, दलिताची चेष्टा करीत असताना आपण हसलो असू, तर ती तक्रार केवळ जातभाईची उरते. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाला लूककृत शुभवर्तमानात प्रभूने शोमरोन्याच्या दृष्टान्ताने उत्तर दिले. वाटेत पडलेल्या जखमी माणसाला याजक आणि लेवी यांनीही पाहिले होते. थांबला तो परका.

कॅमेराही रस्त्यावरून जाणारा एक वाटसरूच आहे. दुःखी माणसाजवळ तो थांबतो, की त्याचे दुःख विकून पुढे जातो, एवढे तपासणे हीच माझ्या मते ख्रिस्ती समीक्षा. ती करण्यासाठी ख्रिस्ती असावे लागतेच असेही नाही. आपले गुरुजी नव्हते. तरी तो प्रश्न विचारायला मला त्यांनीच शिकविले.