गोड्या पाण्याचा वाटा

(महोत्सवाच्या दुसऱ्या सायंकाळी चर्चच्या आवारात धर्मग्रामस्थांपुढे दिलेले भाषण)



महोत्सव समितीने आम्हांस आज दोन शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही धर्मग्रामाच्या इतिहासावर बोलू अशी समितीची अपेक्षा असावी. तो विषय आमच्याहून जाणत्या मंडळींनी या पुस्तिकेत उत्तम हाताळला आहे. आम्ही निराळ्याच विषयाकडे वळतो, आणि त्यास कारण आमची स्वतःची एक चूक होय.

काही वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात पाण्याची फार ओढ पडली होती. त्या रविवारी उपदेश करताना आम्ही मोठ्या आवेशाने म्हणालो की, वैतरणेचे एवढे पाणी दर पावसाळ्यात समुद्रात वाया जाते आणि इकडे आपल्या माता-भगिनी टँकरची वाट पाहत उन्हात उभ्या राहतात. मिस्सा आटोपल्यावर खाडीकाठचे एक वृद्ध कोळी बंधू भेटावयास आले. टोपी हातात घेऊन ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "फादर, पाणी वाया जातं म्हणालात. पण आमची कोळंबी त्याच पाण्यावर वाढते." एवढे बोलून ते निघून गेले. सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान शिकविले, ईश्वरविज्ञान शिकविले, लॅटिनही शिकविले. परंतु नदी समुद्रास का मिळते हे कोणी शिकविले नाही, व आम्हीही कोणास विचारले नाही. त्या दिवसापासून आम्ही विचारू लागलो. जे समजले ते आज आपणांपुढे ठेवतो.

आपला हा वसई प्रांत दोन खाड्यांच्या मध्ये वसला आहे. उत्तरेस अर्नाळ्यापाशी वैतरणा समुद्रास मिळते. दक्षिणेस उल्हास नदी वसईच्या खाडीतून किल्ल्याजवळ समुद्रास मिळते. एकीचा उगम त्र्यंबकच्या डोंगरांत, दुसरीचा लोणावळ्याकडील सह्याद्रीत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत या नद्या गढूळ, गोडे पाणी घेऊन धावत येतात आणि खाडीतील खारे पाणी मागे रेटतात. पुढील आठ महिने समुद्राची सरशी असते. दर भरतीस तो आत शिरतो, आणि वैशाखापर्यंत बरेच आतवर पाणी तोंडात धरवत नाही. या रेटारेटीतून जे मचूळ पाणी निर्माण होते, त्यावर खाडीचा सारा संसार चालतो.

पुष्कळांची अशी समजूत असते की खारफुटीला मीठ आवडते. आमचीही होती. वस्तुतः ती मीठ केवळ सोसते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; आपल्या वाडीतील केळीस ते पाजले तर चार दिवसांत केळ आडवी होईल. तिवराचे झाड हे मीठ पानांतून बाहेर टाकते. दुपारच्या वेळी त्याचे पान जिभेस लावून पाहावे, म्हणजे खात्री पटेल. कांदळाची मुळे बहुतेक मीठ दारातच अडवितात. परंतु या दोन्ही कामांस शक्ती खर्चावी लागते. पाणी जितके खारट, तितकी झाडाची कमाई मीठ निवारण्यात जाते व वाढीस उरत नाही. मिठागराच्या बांधालगत गुडघ्याएवढी खुजी तिवरे आपण पाहिली असतील; तीच जात नदीच्या गोड्या पाण्याजवळ चांगली उंच वाढते. चिपी तर तिवराहूनही नाजूक. तिला गोड्या पाण्याची सोबत अधिक लागते, म्हणून ती खाडीच्या आतल्या अंगास दिसते. तिवराची फळे गळतात तीही पावसाळ्यात, जेव्हा चिखलातील मीठ धुऊन निघालेले असते आणि कोवळ्या अंकुरास मूळ धरता येते. ही वेळ त्या झाडाने उगीच निवडलेली नाही.

आता त्या वृद्ध बंधूंच्या कोळंबीविषयी. कोळंबी अंडी घालते ती समुद्रात. परंतु तिची पिले भरतीबरोबर खाडीत येतात व तिवरांच्या मुळ्यांच्या आडोशाला, नदीने आणलेल्या व पाला कुजून झालेल्या अन्नावर पोसली जातात. मोठी झाली की पुन्हा समुद्रास जातात, आणि मग दूरच्या ट्रॉलरच्या जाळ्यात सापडतात. म्हणजे जो ट्रॉलरवाला खाडीकडे ढुंकूनही पाहत नाही, त्याचीही मिळकत खाडीनेच पोसलेली असते. जिताड्याची रीत याच जातीची. त्याची मादी नदीमुखाशी अंडी घालते, पिले खाडीच्या आत, गोड्या पाण्यापर्यंत चढून वाढतात. एका माशास दोन पाण्यांचे घर लागते. मधला दरवाजा लावून घेतला तर तो कोठे जाणार?

तिसरी गोष्ट गाळाची. नदी डोंगराची माती आणते, तिवरांची मुळे ती धरून ठेवतात व जमीन तिळातिळाने उंचावते. समुद्राची पातळी वाढत असता हे उंचावणे अगदी प्राणरक्षणाचे काम आहे. धरणाच्या भिंतीमागे गाळ बसून राहिला म्हणजे खाडीच्या काठास नवी माती मिळेनाशी होते. आणि काठावर तिवरे असली तर काय होते, हे ओरिसाच्या किनाऱ्याने दाखविले आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात केंद्रापाडा जिल्ह्यातील ज्या गावांपुढे खारफुटीचा रुंद पट्टा उभा होता, तेथे माणसे कमी दगावली, असे अभ्यासकांनी गावोगावचे आकडे तपासून दाखवून दिले.

धरणांचा उल्लेख निघालाच आहे. मुंबई शहर पूर्वी विहार व तुळशी या आपल्या घरच्या तलावांवर भागवीत असे. १८९२ मध्ये तानसा आला. १९५७ मध्ये मोडकसागर, १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. उल्हासच्या खोऱ्यातील भातसा नदी तर मुंबईस जवळजवळ निम्मे पाणी पुरविते. वैतरणेच्या गारगाई व पिंजाळ या उपनद्यांवरही धरणे बांधण्याची योजना आखलेली आहे. आणि दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या नळाकडे पाहू या. वसई-विरारच्या नळास येणारे सूर्येचे पाणी वैतरणेच्याच उपनदीचे, व ते धरण मुळात डहाणू-पालघरकडील शेतीच्या सिंचनासाठी बांधले गेले. आम्ही स्वतः रोज सकाळी त्याच पाण्याने तोंड धुतो.

धरणे पूर सर्वस्वी अडवितात असे नव्हे. ती भरली की सांडव्यावरून पाणी येतेच. परंतु पहिल्या पावसाचे पाणी, ज्याने वैशाखाचे मीठ धुवावयाचे, ते प्रथम धरणाच्या पोटात जाते. आणि पाऊस सरल्यावर जो बारीक प्रवाह नदीत मागे राहावयाचा, तोही नळांच्या वाटेने दुसरीकडे जातो. शहराने वापरलेले ते पाणी पुढे सांडपाणी होऊन ठाण्याच्या खाडीत, माहीमच्या खाडीत व समुद्रात पडते. म्हणजे वैतरणेचे पाणी समुद्रास मिळते खरे, परंतु भलत्याच दाराने आणि घाण होऊन!

याचा शेवट कोठे होतो हे पाहावयाचे असल्यास बंगालकडे पाहावे. १९७५ मध्ये गंगेवर फराक्का येथील बंधारा सुरू झाला. कोलकाता बंदरातील गाळ वाहून जावा म्हणून उन्हाळ्यात गंगेचे पाणी हुगळीकडे वळविण्यात आले, आणि पूर्वेकडे सुंदरबनास गोडे पाणी पुरविणारी गोराई नदी उन्हाळ्यात आटू लागली. ज्या सुंदरी वृक्षावरून त्या वनाचे नाव पडले असे म्हणतात, तो गोड्या पाण्याचा लोभी. त्याचे शेंडे वाळू लागले. तेथील लोक या व्याधीस 'आगामरा' म्हणतात. दोष एकट्या फराक्क्याचा म्हणणे अन्यायाचे होईल. गंगा कित्येक शतकांपासून पूर्वेकडे सरकत आहे व जुने प्रवाह गाळाने बुजत आले आहेत. तथापि जेथे गोडे पाणी अजून पोचते त्या पूर्व भागात सुंदरी टिकून आहे, आणि पश्चिमेकडे मीठ सोसणाऱ्या खुज्या झाडांनी तिची जागा घेतली आहे. १९९६ मध्ये भारत व बांगलादेश यांनी तीस वर्षांचा करार करून जानेवारी ते मे या काळातील पाण्याचे दहा-दहा दिवसांचे वाटे ठरविले. त्यात दोन देशांचे वाटे आहेत; वनाचा म्हणून वाटा नाही. सिंधू नदीवर १९५५ मध्ये कोटरी येथे बंधारा झाला, तेव्हा समुद्रातून नदीत वर चढणाऱ्या पाला माशाची वाट अशीच अडली.

पवित्र शास्त्रात यहेज्केल संदेष्ट्यास झालेले एक दर्शन आपणांस ठाऊक आहे. मंदिराच्या उंबरठ्याखालून निघालेला प्रवाह पूर्वेकडे वाहत जातो, खारट समुद्रास मिळतो, आणि ते पाणी निरोगी होऊन मासे विपुल होतात. काठावर कोळी जाळी पसरतात. तेथे एक लहानसा तपशील आहे, तो आम्ही वर्षानुवर्षे वाचून सोडून देत होतो: आसपासच्या दलदली मात्र खाऱ्याच ठेविल्या जातात, मिठासाठी. त्याचा गूढार्थ पंडितांनी सांगावा. आम्हांस एवढे दिसले की ज्याने ते लिहिले त्याने खाडी पाहिली असावी.

मग काय, धरणे फोडावयाची? मुळीच नाही. तान्ह्या लेकरास पाणी पाजणाऱ्या आईपुढे कोळंबीची कैफियत मांडण्याचे धैर्य आमच्यात नाही. परंतु नदीच्या पाण्याची वाटणी करताना शहर, कारखाने व शेती यांच्या जोडीस खाडीचाही वाटा कागदावर मांडला जावा, आणि वापरलेले पाणी स्वच्छ करूनच खाडीत सोडले जावे, एवढे मागण्याचा अधिकार आपणांस आहे. अर्थात तो अधिकार गाजविताना आपले हात स्वच्छ असलेले बरे. आणि ते तसे नाहीत. आपल्या वडीलधाऱ्यांनी वाड्यांतून खोदलेली बावखले पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरवीत, व भूमीखालून शिरू पाहणारा समुद्र त्यामुळे दूर राहत असे. आपण ती भराव घालून बुजविली, वर इमारती उठविल्या, आणि उरलेल्या विहिरींतून पंपाने रात्रंदिवस पाणी उपसून टँकरवाल्यांस विकले. रहाट गेले त्याचे आम्हांस फारसे दुःख नाही. परंतु ज्या विहिरीचे पाणी लहानपणी ओंजळीने प्यालो तिचे पाणी आता मचूळ लागते असे एखादे आजोबा सांगतात, तेव्हा त्यात वैतरणेच्या धरणांचा दोष नसतो. जी तक्रार खाडीची, तीच आपल्या विहिरीची आहे. २०१८ च्या जुलैत आपल्या घरांत पाणी शिरले तेही पुष्कळांस स्मरत असेल. मुरावयास बावखल नाही, निघून जावयास नाला मोकळा नाही, आणि ज्या खाजणांत ते पसरावयाचे तेथे भराव. मग ते घरात आले.

महोत्सवाच्या निधीतून काही रक्कम शिल्लक राहील असे खजिनदार म्हणतात. (ते नेहमी असेच म्हणतात, व नेहमी उलटे होते, तरी या खेपेस आम्ही त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतो.) चर्चच्या मागील बाजूचे अर्धे बुजलेले बावखल पावसाळ्यापूर्वी उपसून मोकळे करावे, असे समितीने व आम्ही ठरविले आहे. कामास येणाऱ्यांनी फावडी व घमेली घरून आणावीत. त्याचप्रमाणे धर्मग्रामाच्या हद्दीत कोठे कोठे बावखले होती, खाडीवरच्या कोणत्या उघाड्या अजून चालतात व कोणत्या नाल्यांवर भराव पडला आहे, याची एक वही आम्ही कार्यालयात ठेविली आहे. पहिल्या पानावर त्या वृद्ध कोळी बंधूंनी सांगितलेली सात ठिकाणे लिहिली आहेत. ज्यांस आणखी आठवत असतील त्यांनी रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर यावे. ज्यांस लिहिता येत नाही त्यांनी नुसते सांगावे, आम्ही लिहून घेऊ.