बरणीत काय भरायचं आणि उन्हात काय घालायचं

लोणंदहून आमच्या बचत गटाच्या वतीनं आम्ही बोलतोय. दुपारची भांडी आवरून घटकाभर टेकला असाल, तर हातातलं निवडणं-टिपणं चालू राहू द्या आणि कान इकडं ठेवा.

वैशाख लागला की आपल्याकडं दोन कामं एकदमच येतात. अंगणात वाळवण आणि घरात लोणचं. कैरीचं लोणचं आत्ता घातलं की नीरा ओलांडून माऊलींची पालखी लोणंदला मुक्कामी येईपर्यंत चांगलं मुरतं. वारकऱ्यांच्या पानात भाकरीबरोबर पहिली फोड वाढायची, तोवर घरच्यांनी कळ काढायची, असा आमच्या घरांत रिवाज आहे.

पण आज आम्ही लोणच्याची फुशारकी मारायला आलो नाही. आमची एक चूक सांगायला आलोय.

मागच्या उन्हाळ्यात एका प्रदर्शनात शहरातल्या बायकांनी आम्हाला विचारलं, "नुसत्या तेलातला सोललेला लसूण मिळेल का? तिखट नको, आंबट नको." आम्हाला वाटलं, ह्यात काय अवघड! घरी येऊन सहा किलो लसूण सोलला. तेल तापवून गार केलं, पाकळ्या बाटल्यांत भरल्या आणि वर बोटभर तेल राहील असं ओतलं. तीस बाटल्या झाल्या. फडताळात रांगेनं मांडल्या तेव्हा आमचं आम्हालाच कौतुक वाटलं. एकीनं तर आठ दिवसांनी त्यातली एक बाटली पुण्याला लेकीकडं धाडली. लेक बाळंतीण, तिला लसूण चांगला म्हणून.

पुढं अन्नप्रक्रियेच्या प्रशिक्षणाला गेलो, तेव्हा एक बाटली दाखवायला नेली. शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "ह्यात आंबट काय घातलंय? मीठ किती?" आम्ही म्हटलं, काहीच नाही, तेल आहे की. त्या म्हणाल्या, "ही बाटली कुणाला खायला दिली असेल तर आत्ताच्या आत्ता फोन करा."

त्यांनी काय समजावलं ते नीट ऐका. तेल हवा अडवतं. बुरशीला हवा लागते, म्हणून तेलाखाली बुरशी धरत नाही. पण बोटुलिनम नावाचा एक जंतू मातीत असतो, त्याचं उलटं आहे. त्याला हवा नको असते. लसूण, कांदा, मिरची, भेंडी, वांगं ह्यांना माती लागतेच, आणि ह्यांत आंबटपणा कमी, पाणी भरपूर. वर तेलाचं पांघरूण आणि खोलीतली ऊब मिळाली की तो जंतू वाढतो आणि विष तयार करतो. त्याला वास येईलच असं नाही, रंग बदलेलच असं नाही. तेल कडकडीत तापवून ओतलं तरी जंतूचं बी मरत नाही. साध्या उकळण्यानंही ते मरत नाही.

हे नुसतं भीती घालणं नव्हे. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात १९८५ साली एका हॉटेलात फ्रीजबाहेर ठेवलेला तेलातला चिरलेला लसूण खाऊन तीसहून जास्त माणसं आजारी पडली होती.

आम्ही फोन केला. लेकीनं दोन चमचे खाल्ले होते. ते चार दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. देवाच्या कृपेनं काही झालं नाही. सगळ्या बाटल्या खड्ड्यात पुरल्या. महागाचा लसूण, तेल, बाटल्या, सगळे पैसे गेले. गटातल्या थोरल्या आत्याबाई तेवढं बोलल्या, "तेल म्हंजी पांघरूण हाय, औषद न्हवं. लोणचं टिकतं ते आंबटानं आन् मिठानं."

अगदी खरं आहे. कैरी मुळातच आंबट. किलोभर फोडींना आपण दोनशे ग्रॅमच्या आसपास मीठ घालतो, वर मोहरीची डाळ, मेथी, हळद, हिंग, तिखट. त्या खारात हा जंतू वाढत नाही. तेल वरून बुरशी अडवतं. दोघांचं काम वेगळं आहे. म्हणून कैऱ्या धुऊन कोरड्या पुसायच्या, बरणी उन्हात तापवायची, ओला चमचा घालायचा नाही, फोडी तेलाखाली बुडालेल्या ठेवायच्या आणि तोंडाला दादरा बांधायचा. आणि हल्ली "मीठ कमी खा" म्हणून लोणच्यातलं मीठ कमी करू नका. हवं तर फोड लहान खा.

मग लसूण तेलात ठेवायचाच नाही का? ठेवा, पण आधी आंबट करा. एक लिटर पाण्यात तीस ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, विरघळवा. त्यात तीनशे ग्रॅम लसूण बारीक चिरून पूर्ण एक दिवस आणि एक रात्र बुडवून ठेवा. पाकळी अख्खी ठेवू नका, आंबट आतपर्यंत जात नाही. मग निथळून तेलात घाला. नुसता तेलातला लसूण किंवा मिरची हवी असेल, तर थोडीच करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

बाकीच्या भाज्यांना आपलं ऊन आहे की! गवार, भेंडी, कारलं चिरून मीठ लावून कडकडीत वाळवा. मिरची ताकात घालून सांडगी मिरची करा. पाणी गेलं की जंतूला जागाच उरत नाही. आणि कांदा चाळीतच शोभतो, त्याला तेलात कोंडू नका.

विकायचं असेल तर एफएसएसएआयची नोंदणी करा आणि मालाचा आंबटपणा प्रयोगशाळेत तपासून घ्या. पीएच ४.६ च्या खालीच हवा, जितका खाली तितका बरा.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. झाकण फुगलं, बाटली उघडताना फेस आला, तर चाखून बघू नका आणि गाई-कोंबड्यांनाही घालू नका. असलं काही खाल्ल्यावर एकाचं दोन दिसायला लागलं, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं, गिळता येईना, तर अंगात ताप नसला तरी थेट दवाखाना गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा. दृष्ट काढत बसू नका. ह्याच जंतूमुळं वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही चाटवायचं नाही.

आमचे पैसे गेले, पण शिकणं राहिलं. ते तुम्हाला फुकट देतोय. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हे सांगा, आणि कुणाच्या फडताळात तशी बाटली असेल तर आजच तिची विल्हेवाट लावा. पालखीला आमच्याकडं या, लोणचं मुरलेलं असेल. नमस्कार.