लंडनच्या मुक्कामातील धडा

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



'आपण लंडनला सहा महिने राहून आलात, त्याविषयी चार शब्द सांगा,' अशी आपल्या चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही जुने मॅट्रिक. सारी नोकरी गोवंडीच्या परिसरात प्राथमिक शिक्षक म्हणून झाली. विद्वत्तेचा अधिकार आमच्यापाशी नाही. राजवाडे आणि पूल यांची चित्रे आपण सर्वांनी पाहिलेली आहेत. म्हणून तेथे आमचा दिवस कसा जात असे आणि त्या दिवसांनी आम्हांस काय शिकविले, एवढेच सांगण्याचे योजिले आहे.

कन्येच्या बाळंतपणानिमित्त आम्ही उभयता मे महिन्याच्या आरंभी निघालो. पाहुण्यांना तेथे सामान्यतः एका वेळी सहा महिने राहता येते. कन्या व जावई लंडनच्या वायव्य भागात हॅरो येथे राहतात. गोवंडीच्या दोन खोल्यांत आयुष्य काढलेल्या आम्हांस पहिले नवल वाटले ते उजेडाचे. जून महिन्यात तेथे रात्रीचे नऊ वाजून गेले तरी सूर्य मावळत नाही. देवापुढे सांजवात केव्हा लावावी, हा आमच्या सौभाग्यवतींपुढे मोठाच प्रश्न पडला. अखेरीस त्यांनीच निर्णय दिला, की गोवंडीत दिवेलागण होते त्याच वेळी लावावयाची. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्याहून साडेचार तास मागे असते. त्यामुळे भर दुपारी अडीच वाजता आमच्या घरी सांजवात लागू लागली!

सकाळी बाळाला अंघोळ, नंतर आम्ही सार्वजनिक वाचनालयात. दुपारी बागेतील बाकावर. वेंबलीच्या ईलिंग रोडवर गुजराती बांधवांची दुकाने आहेत, तेथे मेथी, कढीपत्ता, नारळ सर्व मिळे. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची डॉलिस हिल येथे स्वतःची वास्तू आहे. गणेशोत्सवात तेथे गेलो, तेव्हा आरतीच्या घोषात क्षणभर परदेशाचा विसर पडला. एरवी मात्र शांतता फार. दारे लोटलेली, रस्ता मोकळा. कोणी हाक मारीत नाही. गोवंडीच्या गलबल्याला नावे ठेवणारे आम्ही त्या गलबल्यासाठी आसुसलो.

पण खरा धडा मिळाला तो घरातच. तेथे मोलकरीण ठेवणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाही. पहिल्या आठवड्यात, आजवरच्या सवयीने, चहा घेऊन कप आम्ही मेजावरच ठेवला. कन्या बाळंतीण, सौभाग्यवती बाळाच्या मागे. सायंकाळी जावई कामावरून आले आणि काही न बोलता त्यांनी तो उष्टा कप विसळून ठेवला. जावयाने सासऱ्याचा उष्टा कप विसळावा! आम्हांस त्या रात्री झोप लागली नाही. मग असेही मनात आले, की चाळीस वर्षे हा कप कोण विसळीत होते, याची लाज आम्हांस एकदाही कशी वाटली नाही?

दुसऱ्या दिवसापासून भांडी घासणे आम्ही आपल्याकडे घेतले. हळूहळू कचऱ्याचे कामही आमच्याकडे आले. तेथे प्रत्येक घरापुढे निरनिराळ्या रंगांच्या चाकांच्या पेट्या असतात. कागद, काच, डबे एका पेटीत, निरुपयोगी कचरा दुसरीत. खरकटे वेगळ्या लहान डब्यात. ठरल्या वारी गाडी येते. एकदा आम्ही घाईने खरकटे कागदाच्या पेटीत ओतले. गाडी आली, सर्वांच्या पेट्या रिकाम्या करून गेली आणि आमची तशीच ठेवून गेली. पेटीच्या दांड्याला छापील चिठ्ठी अडकविलेली होती. आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर शेरे मारणाऱ्या मास्तराच्या पेटीवरच शेरा!

घरात कोणास कळू नये म्हणून आम्ही अंगणात बसून उघड्या हातांनी तो कचरा निवडला. नंतर तीनदा साबण लावला, तरी हाताचा वास जाईना. तो वास आमच्या ओळखीचा होता.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. पहाटे आईबरोबर देवनारच्या कचराभूमीवर भंगार वेचून तो शाळेत येई. इतर मुले नाके धरीत. वर्गाची शिस्त राहावी म्हणून आम्ही त्याला दाराजवळ वेगळे बसविले. काही दिवसांनी तो येईनासा झाला. पटावर त्याच्या नावापुढे आम्ही 'गैरहजर' लिहीत राहिलो. त्याची झोपडी शाळेपासून पाच मिनिटांवर होती. चौकशीला आम्ही गेलो नाही.

पुढच्याच रविवारी जावयांनी आम्हांस किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर दाखविले. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते विकत घेऊन स्मारक केले आहे. लहानग्या भीमरावांना शाळेत वेगळे बसावे लागे, हे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो होतो; मुलांचे डोळे भरून येत. त्याच वर्गात, दाराजवळ, आम्ही एक मूल बसविले होते! त्या घराच्या पायरीवर आमचे पाय जड झाले.

परत आल्यावर अनेकांनी म्हटले, 'गोरे लोक मुळातच स्वच्छ.' हे खरे नव्हे. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीला अशी दुर्गंधी सुटली होती, की काठावरच्या पार्लमेंटात सभासदांना बसवेना. त्यानंतर बॅझलजेट नावाच्या अभियंत्याने शहराखाली मोठमोठी गटारे बांधली. तेव्हा स्वच्छता रक्तात नसते, ती श्रमाने आणि पैशाने निर्माण करावी लागते. तेथेही पेट्या रिकाम्या करणारे हात कोणाचे तरी असतातच. मात्र त्या हातांपर्यंत कचरा निवडून पोचविणे, हे तेथे घरमालक आपले काम समजतो.

आणि आपण? कुर्ला ते चेंबूर हा लोहमार्ग १९०६ साली शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी घातला गेला. प्रवासी गाड्या त्यावर १९२४ साली धावू लागल्या. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. २०१६ च्या जानेवारीत तिला आग लागली, तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. धूर सर्वांच्या घरात शिरला, म्हणून सर्वांना तिची आठवण झाली. एरवी दाराबाहेर टाकलेली पिशवी कोणाच्या हाती जाते, याचा विचार आपण करीत नाही.

म्हणून दोन सूचना नम्रपणे मांडतो. आजच्या स्नेहभोजनाच्या पत्रावळी मांडवामागे एकाच ढिगात पडल्या आहेत. पुढील वर्षापासून ओले आणि सुके वेगळे ठेवावे, आणि ते काम आपल्याच सभासदांनी, विशेषतः पुरुषांनी करावे. स्वयंसेवकांच्या यादीत पहिले नाव आमचे लिहावे.

दुसरी सूचना कदाचित रुचणार नाही. आपला शिष्यवृत्ती निधी केवळ ज्ञातीतील मुलांसाठी आहे. घटनेत अन्य तरतूद नाही, हे आम्ही जाणतो. तरीही दरवर्षी कचरा वेचणाऱ्या कुटुंबातील एका मुलास, त्याची ज्ञात न विचारता, वह्या-पुस्तकांचा खर्च द्यावा. पहिल्या वर्षाची रक्कम आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून आजच खजिनदारांच्या स्वाधीन करीत आहोत. पुढे काय करावे, ते सर्वसाधारण सभेने ठरवावे.

तो मुलगा आज पस्तिशीचा असेल. कोठे आहे, आम्हांस ठाऊक नाही. परत आल्यावर त्या गल्लीत जाऊन आलो. झोपडीच्या जागी दुसरे घर उभे आहे. पंचवीस वर्षे उशिरा गेलेल्या मास्तराला आणखी काय दिसणार?

घरी आता सांजवात वेळेवर लागते, आणि चहाचा कप आम्ही स्वतः विसळतो.